नळ बंद होता

हे आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. देवाला तर नाहीच — देवाला कुठल्या तोंडाने सांगणार, ते पुढे कळेल तुम्हाला. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. वाचाल, चार शिव्या हासडाल, पान उलटाल. हासडा. फक्त मधेच कुठे 'बिचारा' म्हणू नका. तो शब्द माझ्यासाठी नाही.

मी पेणचा. नोकरी सगळी धाटावच्या एका केमिकल कंपनीत गेली, शिफ्टमध्ये. आता रिटायर होऊन घरी बसलोय. आमच्या आळीत कुणी जुनं बाथरूम तोडून नवं करायचं काढलं की आधी माझ्याकडे येतात. मी सांगतो. उतार पाणी जायच्या भोकाकडे द्या, दाराकडे नको. टाइल्स गुळगुळीत घेऊ नका, ओल्या पायाला चकाकीचं काय कौतुक? दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं लावा. बाथरूमच्या खाली दुसऱ्या कुणाची खोली येत असेल तर जागाच बदला. आणि टाइल्स बसवण्याआधी पाणी भरून बघा — भोकाला बोळा मारा, चार बोटं पाणी भरा, पाण्याच्या वर भिंतीवर पेन्सिलने रेघ ओढा आणि अख्खा दिवस थांबा. पाणी रेघेखाली गेलं तर कुठेतरी झिरपतंय. बोळा काढा, पाणी सोडून द्या, गवंड्याला बोलवा.

लोक म्हणतात, काका, तुम्हाला केवढी माहिती! हो. आहे. तेव्हाही होती. 'मला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय मला नाही — कळतंय ना?

माझा भाऊ माझ्याहून मोठा. दादा. घर वडिलांनी बांधलेलं, स्लॅबचं, खाली-वर असं. जाण्याआधी त्यांनी खालचा मजला दादाला दिला, वरचा मला. खाली पुढच्या मोठ्या खोलीत दादाचा गणपतीचा कारखाना. शाडूच्या मूर्ती. आजूबाजूचे प्लास्टरकडे वळले तरी दादा शाडूलाच धरून राहिला, आणि त्याचा त्याला माज होता. गणपती करणारा माणूस म्हणजे कुणी साधुपुरुष, असं बाहेरच्यांना वाटतं. माझा भाऊ साधुपुरुष नव्हता. मुंबईचे व्यापारी माल बघायला आले की ओट्यावर बसवून त्यांना चहा द्यायचा, आणि मी डबा घेऊन शिफ्टला निघालो की त्यांच्यासमोर म्हणायचा, "हा आमचा धाकटा. हातात कला नाय, म्हणून कंपनीत पिंपं धुतो." ते हसायचे. मीही हसायचो. असं किती वर्षं हसता येतं माणसाला?

तो मला आवडत नव्हता. आजही आवडत नाही. मेला म्हणून आवडायला लागला, असलं काही माझं झालेलं नाही.

आणि वहिनी. सुमनवहिनी, माहेर रोह्याचं. तिचा मी का राग करायचो, हे सांगणं जास्त अवघड आहे. ती कधी भांडली नाही — तेच मला टोचायचं. दादा बोलायचा आणि ती खाली मान घालून मूर्तीचे डोळे रंगवत बसायची. डोळ्यांच्या त्या कामाला आमच्याकडे आखणी म्हणतात. बाकी सगळं काम कुणालाही शिकवता येतं, आखणी येत नाही. वहिनीला यायची. श्वास रोखून एक रेघ ओढायची, आणि इतका वेळ माती असलेलं ते तोंड तुमच्याकडे बघायला लागायचं. व्यापारी सांगायचे, डोळे ताईंनीच करायला हवेत. दादा ते ऐकून दुसरीकडे बघायचा. त्याचं मला बरं वाटायचं, हेही सांगून टाकतो.

घरात बाथरूम एकच होतं — खाली, कारखान्याच्या मागे. वर आमच्याकडे स्वयंपाकघराच्या पुढे नुसती भांडी घासायची मोरी. आंघोळीला रंजनाला, म्हणजे माझ्या बायकोला, बादली घेऊन जिना उतरावा लागायचा. खाली कारागीर शाडूचे हात-पाय तिथेच धुवायचे. लादीवर मातीचा बुळबुळीत थर कायम. एकदा रंजना घसरली, मनगट सुजलं. वहिनी धावत आली, तिला उठवलं आणि म्हणाली, "बघून चालायचं गो."

बस्स. एवढंच. तिने काळजीने म्हटलं असेल. काळजीनेच म्हटलं होतं — मला आज पक्कं माहीत आहे. पण मी जिन्यात उभा होतो आणि मला त्यात कुत्सितपणा ऐकायचा होता, म्हणून तो मी ऐकला. घासून घासून धार लावली त्या वाक्याला. शिफ्टला जाताना गाडीत बसलो की तेच. कंपनीत मीटर बघताना तेच. बघून चालायचं गो.

मग मी ठरवलं — वर स्वतःचं बाथरूम करायचं.

मी कामाला लागलो ते वेड लागल्यासारखा. कंपनीत सिव्हिलची माणसं होती, त्यांना चहा पाजून पाजून विचारायचो. लोक काय चुकतात? कुठे पैसे वाचवायला जातात आणि मग रडतात? सगळ्यांनी पहिली गोष्ट एकच सांगितली : ओल्या जागेवर ओली जागा घ्या. खाली बाथरूम आहे ना, मग वरचं नेमकं त्याच्यावर घ्या. पाइप सरळ खाली येईल, गळलं तरी बाथरूममध्येच गळेल.

माझ्याकडे ती जागा होती. मागची छोटी खोली, नेमकी खालच्या बाथरूमवर. मोरी मात्र पुढे होती — दादाच्या कारखान्यावर. ज्या फळ्यांवर तो मूर्ती सुकवायला ठेवायचा, अगदी त्यांच्यावर.

दादा स्वतः वर आला. तो कधी वर यायचा नाही. म्हणाला, "मोहन, मागं कर. माझ्या मालाच्या डोक्यावर पाणी नको."

मी म्हटलं, "वरचा मजला माझा हाय."

"शाडू हाय रे खाली. पाणी लागलं की संपलं."

"मग तुझा माल तू मागं ने."

तो जिना उतरून गेला. त्या दिवशी पहिल्यांदा तो माझ्याशी विनवण्याच्या सुरात बोलला होता. त्याआधी माझं ठाम काही नव्हतं — पुढे करायचं की मागे. त्याने विनवणी केली, आणि माझं ठरलं. पुढेच, मोरी तोडून.

बाकी मी काहीच चुकू दिलं नाही. हसा तुम्ही, पण खरं आहे. गवंडी दिलेलं काम उरकणारा माणूस होता; त्याला मी पाइपच्या प्रत्येक सांध्यावर उभं राहून पिडलं. स्लॅबवर कोबा घातला, वॉटरप्रूफिंगचं औषध मापाने घातलं. पाइप स्लॅबमधून जिथे खाली उतरतो तिथलं भोक मात्र त्याने घाईत भरलं — त्याला गावी लग्नाला जायचं होतं. मी म्हटलं, टाइल्सच्या आधी पाणी भरून बघणार. तो म्हणाला, "बघा की. मी आलो की टाइल्स मारू." आणि गेला.

लग्नसराईच होती. वहिनीच्या भावाच्या मुलीचं लग्न रोह्याला. दादा, वहिनी, मुलं सगळी तिकडे निघाली. कारागिरांना सुट्टी दिली, कारखान्याला कुलूप लावलं. घर खणलेलं म्हणून रंजना आमच्या मुलीला घेऊन नागोठण्याला माहेरी गेलेली. म्हणजे अख्ख्या घरात मी एकटा. वडिलांच्या वेळेपासूनची एक पद्धत होती — एकमेकांच्या कुलपांच्या जास्तीच्या किल्ल्या एकमेकांकडे. भांडणातसुद्धा ती पद्धत मोडली नव्हती. कारखान्याची किल्ली माझ्या कपाटात होती. हे लक्षात ठेवा.

ते निघाले तेव्हा मी खाली ओट्यावर उभा होतो. वहिनी शेवटी बाहेर आली, पदराला हात पुसत. मग मी वर आलो, भोकाला बोळा मारला, पाणी भरलं, रेघ ओढली. मला चोख काम करायचं होतं — तोपर्यंत एवढंच. हे मी स्वतःला वाचवायला म्हणत नाहीये. उलट, नेमकं कुठून मी बदललो ती जागा तुम्हाला दिसावी म्हणून सांगतोय.

दुपारी जेवून बघायला गेलो. पाणी रेघेखाली गेलं होतं.

थोडंथोडकं नाही. दोन बोटं.

वैशाखाचं ऊन होतं, पण दोन बोटं पाणी अर्ध्या दिवसात उन्हाने आटत नाही. मला ते समजायला क्षणही लागला नाही. पाणी कुठे जातंय? खाली. खाली काय आहे? फळ्या. फळ्यांवर काय आहे? — त्या वर्षीचा दादाचा जवळजवळ सगळा माल, सुकत ठेवलेला.

बोळा काढायला एक वाकणं पुरेसं होतं. किल्ली कपाटात होती. खाली जाऊन फळ्या ओढायला एकट्यालाही तासभर पुरला असता.

मी बादली उचलली, पिंपातून भरली आणि आत ओतली. मग दुसरी. मग तिसरी. पाणी परत रेघेला आणलं.

त्या वेळी मी मनात काय म्हटलं? इतकी वर्षं मी ते वाक्य शोधतोय. 'दादाला धडा शिकवतो' — असं म्हटलं का? नाही. 'बघून चालायचं गो' आठवलं का? तेही नाही. रागसुद्धा नव्हता हो. राग असता तर निदान दोन शब्द त्याच्याबद्दल सांगता आले असते. मी नुसता बादल्या ओतत होतो, कंपनीत टाकी भरतात तसा. संध्याकाळी पाणी परत उतरलं होतं. मी परत भरलं. आणि झोपलो — मला झोप लागली. लागली नाही असं सांगावंसं वाटतं, पण लागली.

सकाळी किल्ली घेऊन खाली गेलो आणि कुलूप उघडलं.

काय बघितलं ते थोडक्यात सांगतो. छतातून, पाइपच्या कडेने, अजून थेंब पडत होते. वरच्या फळीवर मूर्ती राहिल्याच नव्हत्या, नुसते ढीग होते. खालच्या फळ्यांवर सोंडा गळालेल्या, पोटं खचलेली, हात तुटून शेजारच्याच्या मांडीवर पडलेले. फळ्यांच्या कडांवरून राखाडी चिखल ओघळत होता. एका बाजूला लवकर न्यायच्या म्हणून रंगवून, आखणी करून ठेवलेल्या काही मूर्ती होत्या. त्यांचे डोळे गालांवर आले होते.

मला पहिल्यांदा बरं वाटलं. लिहून टाकलं. पहिल्यांदा मला बरं वाटलं, आणि त्याच्या मागोमाग भीती वाटली. पापाची नाही — दादाची. आणि आळीची. गणपती विरघळवणारा म्हणून पेणमध्ये मी राहिलो असतो कसा?

कारखान्याच्या कोपऱ्यात एक नळ होता. शाडू भिजवायच्या पिंपात पाणी घ्यायला त्याला रबरी नळी लावलेली. काम झालं की वहिनी ती नळी फळ्यांच्या वरच्या खिळ्यावर अडकवून ठेवायची, पायात येऊ नये म्हणून. नगरपालिकेचं पाणी आमच्याकडे सकाळीच यायचं, एरवी नळ कोरडा. कोरडा नळ उघडाच राहून जाणं घरोघरी होतं.

नळ बंद होता. मी डोळ्याने बघितलं, मग हाताने बघितलं. वहिनीने तो इतका घट्ट पिळला होता की उघडताना मला पंच्यात गुंडाळून जोर लावावा लागला. पाणी यायची वेळ झालीच होती. नळी फुरफुरली, खिळ्यावरून हलली, आणि उरलेल्या मूर्तींवर पाणी पडायला लागलं. मी कुलूप लावून वर आलो.

म्हणजे ज्या वाचल्या होत्या, त्याही मी घालवल्या.

त्यानंतर मी दिवसभर नीट, डोकं शांत ठेवून काम केलं. वरचं पाणी सोडून दिलं. पाइपभोवतीचं भोक छिन्नीने उकरलं, औषध घालून सिमेंटने परत भरलं, ठासून. ते रोह्याहून यायला अवकाश होता. लग्नानंतरची पूजा व्हायची होती. सिमेंट वाळू दिलं. मग पाणी भरलं. या वेळी थेंब हलला नाही. खालच्या छताची ओल उन्हाच्या तापाने वाळली. जुन्या मोरीचे डाग तिथे आधीपासून होतेच.

दादा आला. कुलूप उघडल्याचा आवाज मी वरून ऐकला. मग त्याचा आवाज — माणसाचा वाटला नाही तो. जिना चढून आला आणि माझी कॉलर धरली.

"तुझं पाणी! तुझं पाणी उतरलं माझ्या गणपतींवर!"

मी हात सोडवला आणि त्याला बाथरूमपाशी नेलं. म्हटलं, "हे बघ. तुम्ही गेलात तेव्हापासून भरलेलं हाय. रेघ बघ. केसाएवढं तरी उतरलंय का?"

तो गुडघ्यावर बसला. रेघेवर बोट ठेवलं. पाणी बोटाला लागलं. एवढा मोठा, दांडगा माणूस — त्याला उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

आम्ही खाली गेलो. तो मातीच्या ढिगांत हात घालून उभा होता. तो स्वतःहून तिकडे बघेल म्हणून मी थांबलो. त्याने बघितलं नाही. मग मीच म्हटलं, "दादा, ती नळी बघ."

वहिनी दारात होती. अंगावर लग्नाची साडी, हातात माहेरून दिलेला लाडवांचा डबा. दादाने नळ बघितला — उघडा. मग तिच्याकडे बघितलं.

"मी बंद केला होता," ती म्हणाली. "निघताना मी बंद केला होता."

"मग उघडला कुणी? गणपतीनं?"

"केला होता मी बंद... हाताला पाणी लागलं, पदराला पुसलं..."

दादाने तिला मारलं नाही. मारलं असतं तर आळी मधे पडली असती, आणि ते तिथेच मिटलं असतं कदाचित. तो अगदी हळू म्हणाला, "यापुढं कारखान्यात पाय ठेवायचा नाय. कशाला हात लावायचा नाय."

त्या संध्याकाळी ती वर आली. मी एकटाच होतो. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "भावजी, आम्ही निघालो तेव्हा तुम्ही ओट्यावर होता ना? तुम्हाला आतला नळ दिसला असेल. मी बंद करताना तुम्ही बघितलंत का?"

तिला फक्त एक हो हवा होता. सगळं खरं सांगायचीही गरज नव्हती — मी नुसतं 'हो, केला होतात' म्हटलं असतं आणि गप्प राहिलो असतो, तरी ती सुटली असती. दादाने मग दुसरं कुणी शोधलं असतं. कदाचित मला.

मी म्हटलं, "नाय वहिनी. माझं लक्ष नव्हतं."

ती जिन्याकडे वळली. मग म्हणाली, "मला वाटतं केला होता." खाली जाताना जिन्यात परत म्हणाली, स्वतःशीच — "केला होता का?"

त्या प्रश्नचिन्हाचं काय करायचं? तुम्ही सांगा. मूर्ती पुढच्या वर्षी परत होतात. दादाच्याही झाल्या, मुंबईचा मोठा व्यापारी तुटला, शाडू सोडून तो प्लास्टरवर आला, पण धंदा चालला. आखणीला हमरापूरचा एक माणूस लावला. काम सुबक होतं त्याचं. त्याचे डोळे कुणाकडे बघायचे नाहीत, इतकंच.

वहिनीने परत कुंचला धरला नाही. दादाचा राग पुढे निवळला, एकदा गणपतीच्या तोंडावर हमरापूरचा माणूस आजारी पडला तेव्हा तो स्वतः म्हणाला, ये, बस. ती बसली नाही. म्हणाली, "माझ्या हातून काय तरी होईल." तिचा स्वतःवरचा विश्वासच उडाला होता. नळ बंद करून दोन पावलं गेली की परत यायची. हाताने पिळून बघायची, आणि परत यायची. गॅसचं तेच, कडीचं तेच. लग्नाकार्याला जायला निघाली की रिक्षा थांबवून परत घरात. आळीतली पोरं हसायची. सून आली ती तिला चुलीपाशी — म्हणजे गॅसपाशी — फारसं उभं राहू द्यायची नाही. आईंचं ध्यान नसतं, म्हणायची. वहिनी स्वतःच नवीन माणसाला सांगायची, "माझं ध्यान नसतं हो. मागे माझ्या विसरण्यानं लय मोठं नुकसान झालं आमचं."

हे ती माझ्यासमोर सांगायची. मी मान हलवायचो.

रंजनाला एकदा संशय आला असावा. बाथरूम झाल्यावर ती म्हणाली, गवंडी सांगत होता पाइपपाशी सिमेंट वेगळं दिसतं. मी म्हटलं, त्याला काय कळतं. तिने परत विचारलं नाही. त्या बाथरूममध्ये मी इतकी वर्षं आंघोळ करतोय. एक टाइल हललेली नाही, कुठे ओल नाही. आळीतलं सगळ्यात उत्तम काम.

तुम्हाला वाटत असेल, माणूस झुरला असेल. नाही झुरलो. वेळेवर जेवलो, शिफ्टा केल्या, मुलीचं लग्न केलं. दादाशी तर उलट संबंध सुधारले. त्या बाबतीत मी निर्दोष ठरलो होतो ना. माझी कॉलर धरून आरोप केला याची त्याला लाज वाटायची. गणपतीत वर बोलवायला यायचा. मी जायचो, आरतीला उभा राहायचो, प्रसाद घ्यायचो.

दादा गेल्या पावसाळ्याच्या आधी गेला. थोडे दिवस अंथरुणावर होता, मग संपला. तेरावं झालं, पाहुणे पांगले. नंतर एका दुपारी वहिनी वर आली. गुडघे दुखतात तिचे, एकेक पायरी थांबत थांबत आली. रंजनाने तिला खुर्ची दिली. ती बसली, पदर हातात चुरगाळत राहिली आणि म्हणाली, "भावजी, एक विचारू? ते गेले ते मनात ठेवून गेले. शेवटी-शेवटी तापात सारखं 'नळ, नळ' म्हणत होते. त्यांच्याकडं मला माफी मागता आली नाय."

पदर पुन्हा चुरगाळत ती म्हणाली,

"तुमच्या भावाचा धंदा मी बुडवला. तुमच्यावर पण तेव्हा आळ आला माझ्यापायी. तुमच्या मनात तरी नाय ना काय?"

रंजना तिथेच उभी होती. माझ्याकडे बघत होती. खोलीत आम्ही तिघंच. दादा गेलेला, व्यापारी गेलेला, भ्यायला कुणीही उरलं नव्हतं. एक वाक्य होतं. नळ बंद होता, वहिनी. एवढंच वाक्य. त्यात 'मी' हा शब्दसुद्धा नव्हता.

मी म्हटलं, "नाय हो वहिनी. मनात कसलं? होतं माणसाच्या हातून."

आणि वर म्हटलं, "मी कधीच माफ केलं."

तिने दोन्ही हात जोडले. माझ्याहून मोठी बाई. लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो, माझे डबे तिने भरलेत. तिने मला हात जोडले, आणि मी तिला 'असं करू नका' म्हटलं नाही. रंजना आत जाऊन चहा करून आली. वहिनीने चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला, आणि भिंतीला धरून खाली गेली. जाताना म्हणाली, "आता बरं वाटलं."